दहा वर्षांचं रबर

सांगली-मिरजेच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात किमतीच्या आधी दोन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, गाडी कुणाची. ‘डॉक्टरची आहे’ हे उत्तर सगळ्यात वजनदार. मिरजेत ते खपूनही जातं, कारण १८९४ पासून जिथे मिशन हॉस्पिटल आहे आणि गल्लोगल्ली दवाखाने आहेत, तिथे डॉक्टरांच्या गाड्या विकायला निघणारच. दुसरी गोष्ट, किती फिरली. ‘बेचाळीस हजार फक्त’ हे ऐकलं की घेणाऱ्याचा चेहरा सैल पडतो. पोलादी स्प्रिंगच्या गाडीबाबत त्यात वावगं काही नाही. पण गाडी हवेवर उभी असेल, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी फुगे असतील, तर हा बेचाळीस हजारांचा आकडा घेणाऱ्याला फारसं काही सांगत नाही. त्या रबराला चालण्यापेक्षा वय जास्त लागतं, आणि वय विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

अशा गाड्या आता सांगली-सातारा या दोन जिल्ह्यांत नवलाच्या राहिलेल्या नाहीत. पुण्या-मुंबईच्या पहिल्या मालकांनी पाच-सात वर्षं वापरून सोडलेल्या मर्सिडीज, ऑडी, रेंज रोव्हर इथल्या बागायतदारांच्या, बिल्डरांच्या, व्यापाऱ्यांच्या दारात दिसतात. त्यांत इस्टेट कार फार थोड्या. तरीही या लेखात मी इस्टेटवरच बोलणार आहे, कारण हवेचं सस्पेंशन जिथे मिरवण्यापुरतं नसून कामाचं आहे, ती हीच गाडी.

इस्टेट आपल्याकडे कधी रुजली नाही. सेडानचं छप्पर पार मागपर्यंत ओढलं की झाली इस्टेट. पाच माणसं आणि त्यांच्यामागे अख्ख्या बिऱ्हाडाला पुरेल एवढी जागा. टेल्कोने १९९२ मध्ये टाटा इस्टेट काढली, आपल्या पिकअपच्या पायावर. दिसायला भारदस्त होती. दोनच वर्षांनी त्याच कंपनीची सुमो आली आणि लग्नाच्या वऱ्हाडाचा, प्रचाराचा, बाजाराचा प्रश्न एकदम मिटला. पुढे मारुतीची बलेनो अल्टुरा, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, टाटांचीच इंडिगो मरीना आल्या तशा गेल्या. ‘मागनं अँब्युलन्स दिसती’ हा शेरा साताऱ्यात इस्टेटच्या वाट्याला हमखास यायचा. मला तो कधी पटला नाही. पण बाजाराला पटला, आणि शेवटी चालतं ते बाजाराचंच.

आता हवेवरच्या इस्टेट. भारतात रीतसर विकल्या गेलेल्या अशा गाड्या मोजक्याच. व्होल्वोची व्ही ९० क्रॉस कंट्री २०१७ मध्ये आली, मर्सिडीजची ई-क्लास ऑल-टेरेन २०१८ च्या सप्टेंबरात, शोरूमची किंमत ७५ लाख. ऑडीची आरएस ६ अवांत त्याआधीची, पण ती शर्यतीच्या घोड्याच्या जातीची. तिचा विचार तासगावच्या द्राक्षवाल्याने करण्यात अर्थ नाही. युरोपात इस्टेट ही घरटी गाडी, आणि तिकडे स्थायिक झालेली आपली मंडळी सुट्टीत येतात तेव्हा तिथल्या जुन्या गाड्यांचे भाव सांगून इथल्या भावांना हळहळायला लावतात. पण तिकडून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी नको, उजव्या हाताचं स्टिअरिंग हवं, आणि वर शुल्क गाडीच्या किमतीहून जास्त. तेव्हा तो विषय तिथेच संपतो. जे आहे ते इथल्याच बाजारात.

ऑल-टेरेनचा तपशील मला बोलका वाटतो. जमिनीपासूनची उंची १२१ पासून १५६ मिलिमीटरपर्यंत बदलते. बटण दाबलं की गाडी नेहमीपेक्षा २० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम बोटभर उचलते, आणि ताशी ३५ किलोमीटरच्या पुढे गेली की आपसूक खाली येते. जर्मनीत हे शेतातल्या पायवाटेसाठी योजलेलं असेल. आपल्याकडे त्याचा उपयोग गावोगावच्या गतिरोधकांवर. पलूस, विटा, कोरेगाव, दहिवडी, कुठल्याही वाटेला लागा. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांना आवरायला म्हणून ग्रामस्थांनी घातलेले उंचवटे ई-क्लासच्या पोटाला लागल्याशिवाय राहत नाहीत. हवेचं सस्पेंशन नसेल तर ही गाडी इथे राहूच शकत नाही. आणि ते आहे म्हणून तिची धास्तीही वाटते.

यंत्र तसं अवघड नाही. चाकाशी जाड, आत दोऱ्यांचं विणकाम असलेला रबरी फुगा. त्यात हवा भरणारा छोटा विजेवरचा कॉम्प्रेसर. हवेतला दमटपणा शोषणारा ड्रायर. कुठल्या फुग्यात किती हवा जाणार हे ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक. बहुतेक गाड्यांत हवेचा साठा ठेवणारी टाकीही असते. चाकांजवळचे सेन्सर गाडी किती उंचीवर आहे ते सांगतात, आणि या सगळ्यावर एक कॉम्प्युटर हुकूम चालवतो. टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते. या टाकीत ती पंधरा बारच्या आसपास जाते. ऑल-टेरेनच्या मागच्या फुग्यांत हवेचे तीन कप्पे, पुढच्यांत दोन. कप्पे उघडझाप करून गाडी मऊ किंवा कडक होते. व्होल्वोच्या व्ही ९० ला हवा मागच्याच चाकांना, पुढे साधी स्प्रिंग. हा फरक आत्ता किरकोळ वाटेल, शेवटी त्याच्याकडे यायचं आहे.

डिकीत पन्नास-पन्नास किलोची दोन पोती टाकली तर साधी गाडी मागे बसते, पुढचे दिवे आभाळाकडे बघायला लागतात. हवेवरची इस्टेट क्षणभर दबते, मग मागून घुर्र आवाज येतो आणि ती पुन्हा सपाट उभी राहते. साखर कारखान्याची सभासदांना सवलतीची दिवाळीची साखर आणायला पाऊण कोटीची गाडी नेणारे लोक आपल्याकडे आहेत, आणि माझ्या मते या गाडीचा तोच सगळ्यात रास्त उपयोग.

भरवशाचं काय, हा प्रश्न मी आधी मोटारींच्या गॅरेजात विचारला नाही. मिरजेतल्या बसवाल्या फिटरांना विचारला. कारण सांगली-मुंबई रातराण्या कधीच्याच हवेवर धावतात. व्होल्वोची बी७आर २००१ मध्ये भारतात आली, शिवनेरी झाली, मग खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांनीही स्प्रिंगच्या पाट्यांना रजा दिली. बसच्या जगात या फुग्याला ‘बलून’ म्हणतात, आणि बलूनबद्दल तिथे कुणी भक्तिभावाने किंवा धास्तीने बोलत नाही.

‘बलून म्हंजी टायरच की वो पाव्हणं,’ एका जुन्या फिटरचं म्हणणं. ‘फुटला तर डायवर सांगतोय, गाडी एका अंगाला कलली. बदलायचा, च्या प्यायचा, रातची ट्रिप चुकत न्हाई. भरवसा हवेचा कसला इचारताय? रबराचं वरीस इचारा.’

त्याच्या बोलण्यात सगळं आलं, फक्त एक गोष्ट सोडून. बसला हे परवडतं, कारण तिचा कॉम्प्रेसर इंजिनवर चालतो आणि ब्रेकलाही तोच हवा पुरवतो. तो मोठा, दमदार, दिवसभर चालायलाच बनवलेला. बलूनमधून थोडी हवा गळत असली तरी तो भरत राहतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. उंची सांभाळायला बसमध्ये आस आणि सांगाडा यांना जोडणारी साधी दांडी आणि लेव्हलिंग व्हॉल्व्ह. बलून खाली वाकलं की दिसतो, हात जातो.

मोटारीत हेच सगळं उलटं. कॉम्प्रेसर मुठीत मावेल त्याहून थोडा मोठा, बारा व्होल्टचा, थोडा वेळ चालून थांबायचं एवढ्याच बोलीवर बनवलेला. फुग्याचं रबर जिथे दुमडतं त्या घडीपाशी केसाएवढी चीर पडते. रात्रभरात थोडी हवा जाते, सकाळी कॉम्प्रेसर ती भरतो. मालकाला काही कळत नाही. चीर वाढते, कॉम्प्रेसर दिवसातून दोनदा, मग दहादा, मग दर सिग्नलला चालू लागतो. ड्रायरची खुबी अशी, की गाडी खाली येताना सोडलेली कोरडी हवा त्याच्यातूनच बाहेर जाते आणि जाताना त्याच्या दाण्यांतली ओल घेऊन जाते. गळक्या गाडीत हवा फुग्यातूनच परस्पर निघून जाते. ड्रायर सुकायचं राहतं, ओल पुढे व्हॉल्व्हमध्ये उतरते. शेवटी जास्त चालून तापलेला कॉम्प्रेसर जळतो, किंवा त्याची वीज चालू-बंद करणारा रिले चिकटून बसतो आणि कॉम्प्रेसर जळेपर्यंत थांबतच नाही. मालक गॅरेजात येतो तेव्हा म्हणतो, ‘कॉम्प्रेसर गेलाय.’ नवा बसवतात. चीर तशीच असते. काही महिन्यांत नवाही जातो, आणि मग तो माणूस गावभर सांगत सुटतो की हे एअर सस्पेंशन म्हणजे नुसता डोकेदुखीचा माल.

ही बदनामी जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५३ पासून बसना हवा दिली आणि ती टिकली. १९५७ मध्ये कॅडिलॅकने एल्डोरॅडो ब्रूम या आपल्या सगळ्यात महागड्या मोटारीत तीच कल्पना आणली, आणि गळतीला कंटाळून अनेक मालकांनी ती काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या. मर्सिडीजने १९६१ च्या ३०० एसईपासून हात घातला. १९९८ च्या एस-क्लासनंतर तर हवा उंची गाड्यांत नेहमीचीच झाली. सत्तर वर्षांत रबर सुधारलं, सेन्सर सुधारले, पण बसमधला बलून हा झिजून बदलायचा माल आणि मोटारीतला बलून हा जन्माचा दागिना, ही समजूत मात्र सुधारली नाही. माझ्या मते खरा दोष तिथे आहे. टायर सहा वर्षांनी टाकून देणारा माणूस दहा वर्षांच्या रबरी फुग्याकडे बघतही नाही, कारण तो दिसत नाही.

किती टिकतो? चांगल्या फुग्याला साधारण आठ ते दहा वर्षं धरावीत. आपल्याकडे काही गोष्टी त्याच्या मुळावर येतात, त्यातली पहिली धूळ. माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात वर्षाचे आठ महिने बारीक पांढरी धूळ रस्त्याच्या कडेला लोळत असते. फुग्याचं रबर खालच्या बाजूला मोजा दुमडावा तसं दुमडतं आणि चाक वरखाली झालं की ती घडी सरकते. तिथे खडा-कचरा शिरू नये म्हणून वरून एक रबरी आवरण असतं. ते फाटलं, की प्रत्येक खड्ड्याला घडी आतल्या रेतीवर घासते. पेठ नाक्यापासून सांगलीपर्यंतच्या रस्त्याने कितीतरी वर्षं लोकांना आंदोलनं करायला लावली. त्या काळात या रस्त्यावर रोज ये-जा केलेल्या गाडीचं आवरण मी आधी तपासेन.

दुसरी गोष्ट आपण स्वतःच करतो. पावसाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगला गाडी धुऊन झाली की पोराला सांगायचं, ‘खालनं डिझेल मार.’ सांगाडा काळाभोर चमकतो, गंज धरत नाही, जीप-ट्रॅक्टरच्या काळापासूनचा हा रिवाज. पण डिझेल रबराला फुगवतं आणि मऊ पाडतं. हवेवरच्या गाडीखाली डिझेलचा फवारा म्हणजे स्वतःच्या हाताने फुग्याचं आयुष्य कमी करणं. गाडी बघताना खाली तेलकट काळी चमक दिसली, तर विकणारा ती कौतुकाने दाखवत असतो. आपण मनात किंमत उतरवावी.

मग पाणी. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. १९२९ पासून उभ्या असलेल्या या पुलाने २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वरचं पाणी बघितलं, आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा पन्नाशी ओलांडलेली बघितली. नदीकाठच्या पेठांतल्या तळमजल्यांवर, बंगल्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या पाण्यात गेल्या. त्यांतल्या काही विम्याच्या हिशेबात पूर्ण बाद ठरतात, लिलावात निघतात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, बहुधा दुसऱ्या जिल्ह्यात. फुग्याला स्वतःला पाण्याचं काही नाही. पण कॉम्प्रेसर काही गाड्यांत पुढच्या चाकाच्या आच्छादनामागे, काहींत डिकीत स्टेपनीच्या खाली बसवलेला असतो, म्हणजे पुराच्या पाण्याला सगळ्यात आधी सापडेल तिथे. हवा ओढायच्या नळीतून गढूळ पाणी आत गेलं, जोडण्यांच्या पिनांवर हिरवट थर बसला, की ती गाडी कोरड्या उन्हाळ्यात नीट चालते आणि पहिल्या पावसात रुसते. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघावा. टोकाजवळच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. स्टेपनी उचलून खालच्या कोपऱ्यांत बोट फिरवावं. २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यात गाडी कुठे होती, हे विम्याच्या कागदांतून काढावं. साताऱ्याचा माणूस पुराबाबत निर्धास्त असतो, कराडपर्यंतच पाणी येतं म्हणून. त्यालाच ही गाडी विकायला सोपी जाते.

आणि दिल्ली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती उचलून धरली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून सक्तीची कारवाई करू नका असंही सांगितलं. पण मधल्या वर्षांत तिथल्या उंची डिझेल गाड्या दहाव्या वर्षाच्या आत-बाहेर मिळेल त्या भावाला बाहेर पडल्या. सांगली जिल्ह्याला ही वाट परकी नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातली सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यातली माणसं देशभर पसरलेली. दिल्ली, पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत कुणाचा तरी चुलता, मेहुणा असतोच. ‘दाजी, इथं एक डिझेल मर्सिडीज हाय, चाळीसच हजार फिरलीय,’ असा फोन आला की मोह होतो. दिल्लीची गाडी खरंच कमी फिरलेली असेल, मीटरही खरं असेल. पण ती नेमकी त्या वयाला विकायला निघते, ज्या वयाला रबर जातं. स्वस्ताईचं अर्धं कारण न्यायालय आणि अर्धं कारण फुगे, आणि दुसरं कारण कुणी फोनवर सांगत नाही. शिवाय एनओसी, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या पुढे गाडी इथे ठेवायची तर एमएच-१० चं नवं पासिंग आणि इथला कर. तो हिशेब फोन ठेवायच्या आधी करावा.

आता गाडी बघायला जाऊ. पहिली गोष्ट, विकणाऱ्याला सांगायचं, रात्री गाडी सपाट जागेवर उभी ठेवा, सकाळी मी येईपर्यंत चालू करू नका. मग ठरल्या वेळेच्या आधी पोचायचं आणि बॉनेटवर हात ठेवायचा. कोमट लागलं तर समजायचं, गाडी आपल्या आधी जागी झाली आहे. चालू केल्यावर मिनिटभरात ती उठून उभी राहते आणि रात्रभर बसली होती याचा पुरावा उरत नाही. बॉनेट गार असेल तर इंची टेप काढायचा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत, चारही बाजूंनी. चारही कोपरे सारखेच थोडे उतरले असतील तर चिंता नाही. रात्री हवा गार पडली की आकसते. महाबळेश्वर-पाचगणीला डिसेंबरात हे हमखास दिसतं. एकच कोपरा, किंवा एका आसाची दोन्ही चाकं ठळक उतरली असतील तर गळती आहे. थंडीत रबर ताठरतं आणि बारीक चिरा तोंड उघडतात, म्हणून ही तपासणी मे महिन्यापेक्षा कार्तिकातल्या पहाटे जास्त खरी ठरते.

मग गाडी चालू करायची आणि गप्प उभं राहायचं. हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं, कारण विकणारा तेव्हाच सगळ्यात जास्त बोलतो. कॉम्प्रेसरचा आवाज ऐकायचा: किती वेळ चालतो, घरघरतो का, थांबून परत लगेच सुरू होतो का. सगळ्यात वरच्या उंचीवर घ्यायची, मग खाली, पुन्हा वर. दुसऱ्यांदा वर जायला फारच वेळ लागला किंवा मध्येच अडली तर कॉम्प्रेसर थकलेला आहे. गाडी उंच असताना फुग्यांच्या घडीवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघायचे. चीर घडीच्या आत असेल तर एका उंचीवर दिसत नाही, दुसऱ्या उंचीवर दिसते, म्हणून दोन्हीकडे बघायचं. एवढं मात्र लक्षात ठेवायचं, की नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. ती कधीही खाली येऊ शकते. रॅम्पवर किंवा घोड्यावरच बघायची.

इस्टेटची खास परीक्षा डिकीत. दोन पोती साखर, नाहीतर दोन धडधाकट पाव्हणे. मागची बाजू दबून काही वेळात परत सपाट आली पाहिजे. ओझं काढल्यावर थोडी वर उचलून मग खाली यायला हवी. ओझ्याने दबली ती दबलीच राहिली, तर मागच्या फुग्यांचा किंवा सेन्सरचा प्रश्न आहे. त्यानंतर साताऱ्यात असाल तर यवतेश्वरचा घाट, वाईत असाल तर पसरणी, सांगलीकराने खुशाल कुठलाही गावरस्ता घ्यावा. वळणात गाडी किती झुकते यापेक्षा घाट उतरून थांबल्यावर ती कशी उभी राहते ते बघावं.

स्कॅनर लावायचाच, पण चक्कर मारून आल्यावर. विकणाऱ्याने सकाळीच जुने कोड पुसलेले असतील तर गाडी थोडी चालल्यावर ते परत उगवतात. एक गोष्ट विकणाऱ्याच्या बाजूनेही सांगायला हवी. बॅटरी अशक्त असली तरी पडद्यावर सस्पेंशनचा इशारा येतो, आणि मग निरोगी गाडीही आजारी ठरते. बॅटरी आधी मोजावी. नुसत्या बॅटरीपायी चांगली गाडी सोडून देणारेही असतात, आणि इशारा आला म्हणून न तपासता लाखभर पाडून घेणारेही.

दुरुस्तीच्या वाटा तीन. मूळ कंपनीचा माल घेतला तर पुढच्या एका स्ट्रटचा, म्हणजे फुगा आणि शॉकअप एकत्र असलेल्या नळकांड्याचा, आकडा सहज लाखात जातो. बाहेरच्या कंपन्यांचे, किंवा जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेले स्ट्रट दिल्लीच्या काश्मिरी गेटला, मुंबईत कुर्ल्याला मिळतात. त्यांत उत्तम मालही असतो आणि सहा महिन्यांत चिरणाराही. कॉम्प्रेसर मात्र वाबको, एएमके, कॉन्टिनेंटल अशा मूळ बनवणाऱ्यांचाच घ्यावा आणि बरोबर रिले बदलावा. रिले काही शेकड्यांचा असतो आणि तोच वाचवला जातो. तिसरी वाट, हवा काढून टाकून पोलादी स्प्रिंगा. फिटर सुचवतात, आणि त्यांचा हेतू वाईट नसतो. पण गाडी मग कुठल्याही ओझ्याला सपाट राहत नाही, पडद्यावरचा इशारा गप्प करायला आणखी खटपट लागते, आणि मूळ रचनेत बदल करण्यावर कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आणखी स्पष्ट केल्या. अपघातानंतर विमा कंपनीने हेच बोट ठेवलं तर काय, हे आधी विचारून घ्यावं. आणि हवा काढूनच टाकायची असेल तर ही गाडी घेता कशाला, हा प्रश्न मला राहून राहून पडतो.

अंतराचाही हिशेब आहे. साताऱ्याहून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटर, सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढे. साताऱ्याच्या माणसाला पुण्याच्या गॅरेजची एक चक्कर म्हणजे खंबाटकी घाट आणि एक दिवस. जतच्या माणसाची गाडी बसली तर ती दोराने टोचन करून आणता येत नाही. फुगा रिकामा असताना चालवली तर रबर आत चेंगरून फाटतं. सपाट पाठीचा ट्रक लागतो, आणि पोट जमिनीला टेकलेली गाडी त्याच्यावर चढवणं हे स्वतंत्र कसब आहे. पंक्चरवाल्यालाही सांगावं लागतं, की जॅक लावण्याआधी गाडीत जॅकची सोय सुरू करायची आहे. नाहीतर चाक लोंबकळलं की कॉम्प्युटर गोंधळून हवा सोडतो, आणि जॅक काढल्यावर गाडी रिकाम्या फुग्यावर बसते.

मग घ्यावी का? पुढेमागे चार फुगे असलेली सात-आठ वर्षांची गाडी सातारा शहरातल्या माणसाने घ्यावी, फुगे बदलायचेच आहेत असं धरून. जत-आटपाडीकडच्या माणसाला मी मागे हवा, पुढे स्प्रिंग असलेली गाडी सांगेन. मागचा फुगा बहुतेक इस्टेटमध्ये शॉकअपपासून वेगळा असतो, त्यामुळे नुसतं रबर बदलता येतं. पुढच्या स्ट्रटमध्ये दोन्ही एकाच नळकांड्यात, म्हणून रबर गेलं की सगळंच गेलं. ओझं मागेच असतं, हवेची गरजही मागेच. अशा गाडीचे दोन मागचे फुगे, एक कॉम्प्रेसर, एक रिले आणि मजुरी यांचं लेखी कोटेशन पुण्यातून दोन ठिकाणांहून आणावं आणि इसाराच्या आधी ते विकणाऱ्याच्या पुढ्यात ठेवावं. फुग्यावर किंवा स्ट्रटवर निर्मितीची तारीख छापलेली असेल तर तिचा फोटोही सोबत. गाडीच्या आणि रबराच्या तारखा एकच निघाल्या तर कोटेशनची सगळी रक्कम भावातून वजा. मधल्या काळात फुगे बदलल्याची पावती त्याने दाखवली तर मात्र त्या गाडीला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही, मग ती ऐंशी हजार फिरलेली का असेना.